झीज आणि इजा

आमच्या घरातल्या एका रुपयाला मागच्या महिन्यात तीन ठिकाणी तीन भाव मिळाले. शहापूरच्या सराफ गल्लीत त्याला चांदीचा भाव मिळाला. जुन्या नाण्यांच्या प्रदर्शनातल्या एका विक्रेत्याने चांदीपेक्षा थोडा जास्त सांगितला आणि वर दोन इंग्रजी शब्द ऐकवले. घरी आल्यावर आत्या म्हणाली, "अगं, अमूल्य आहे तो! त्याची काय किंमत करतेस?" या तिघांपैकी कुणाचं ऐकावं, याबद्दल हा लेख आहे. माझं मत आधीच सांगून टाकते. तिघांत विक्रेता खरेपणाच्या सगळ्यात जवळ होता. तरीही तो एका जागी चुकला, आणि त्याच्याहून मोठी चूक माझी होती.

रुपया आजीचा. ती फेब्रुवारीत गेली. खानापूर तालुक्यातल्या तिच्या माहेरी तिच्या आईची रुपयांची माळ होती. त्यात किती रुपये होते हे कुणालाच नक्की सांगता येत नाही; काका अकरा म्हणतात, आत्या नऊ. एकेक करत ते गेले. कधी पाऊस झाला नाही, कधी कुणाची फी भरायची होती. एक उरला. आजीने त्याची कडी काढून घेतली आणि तो जपमाळेच्या डबीत ठेवला. आता काकांचं म्हणणं असं की डबीत पडून राहण्यापेक्षा तो आटवावा आणि त्या चांदीचा क्रूस करून धाकट्या चुलतबहिणीच्या फर्स्ट कम्युनियनला द्यावा. आजीची आठवण आजीच्या नातीच्या गळ्यात. ऐकायला वाईट नाही. नाही म्हणायचं तर माझ्याकडे काहीतरी ठोस असायला हवं होतं, म्हणून मी रुपया घेऊन बाहेर पडले.

सराफकाकांनी आधी तो दगडी फरशीवर टाकला. आपण 'खणखणीत नाणं' म्हणतो ते या आवाजावरून. आमचा रुपया जरा बद्द वाजला. "डाख बसलाय की वरती, त्यानं वाजतोय असा. चांदी खरी आहे, बाळ," ते म्हणाले आणि काट्यावर ठेवला. 11.2 ग्रॅम. टांकसाळीतून बाहेर पडताना तो 180 ग्रेन, म्हणजे 11.66 ग्रॅम असणार. 1835 च्या कायद्याने कंपनी सरकारने सगळ्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला, त्याचं हे वजन. बारा भागांपैकी अकरा भाग चांदी, एक भाग हीण. हेच वजन म्हणजे एक तोळा. म्हणून जुनी माणसं 'रुपयाभार हळद' म्हणायची आणि ऐंशी रुपयांच्या वजनाचा शेर व्हायचा. आमच्या रुपयाची जवळजवळ अर्धा ग्रॅम चांदी कुणाकुणाच्या बोटांना, कनवटीला, गल्ल्याच्या लाकडाला लागून गेली. सराफकाकांना त्याच्याशी कर्तव्य नव्हतं. उरली किती, एवढंच त्यांना बघायचं होतं, आणि त्यांच्या धंद्यात ते बरोबरच आहे.

दुसऱ्या दिवशी प्रदर्शन होतं. रुपया काळा दिसत होता. राणीच्या चेहऱ्यावर तर काजळी धरल्यासारखी वाटत होती. मला वाटलं, लोकांसमोर न्यायचा तर जरा नीट दिसावा. आदल्या रात्री मी त्याला टूथपेस्ट लावली, जुन्या ब्रशने घासला, कोमट पाण्याने धुतला, टॉवेलने पुसला. आरशासारखा झाला. मी खूष.

विक्रेत्याने तो कडेने धरला, भिंग लावलं आणि दिव्याखाली एकदाच फिरवला. दहा सेकंदही लागली नसतील. "लूप काढलेला, क्लीन केलेला. फाइन डिटेल्स." मी विचारलं, फाइन म्हणजे चांगला ना? तो हसला. या जगात फाइन म्हणजे बराच झिजलेला. 'गुड' म्हणजे जवळजवळ सपाट. 'फेअर' म्हणजे विचारूच नका. इंग्रजीत शब्द एवढे उदार आणि अर्थ एवढे कंजूष मी दुसरीकडे कुठे पाहिलेले नाहीत.

मग मी शिकायला बसले. परीक्षा झाली होती, वेळ होता.

नाण्याच्या अवस्थेला आकडा देण्याची पद्धत अमेरिकेतली. विल्यम शेल्डन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1949 मध्ये तिथल्या जुन्या तांब्याच्या मोठ्या सेंटांसाठी एक ते सत्तर अशी मोजपट्टी काढली. ज्या नाण्याची जात जेमतेम ओळखू येते ते एक. ज्यात भिंगालाही खोट सापडत नाही ते सत्तर. तेव्हाच्या बाजारात सत्तरवाल्याला एकवाल्याच्या साधारण सत्तरपट भाव येतो, असा त्यामागचा हिशोब होता. हा हिशोब फार टिकला नाही, पट्टी मात्र टिकली आणि पुढे सगळ्या नाण्यांना लागली. 1986 मध्ये पीसीजीएस आणि 1987 मध्ये एनजीसी या अमेरिकन कंपन्या सुरू झाल्या. त्या नाणं तपासतात, आकडा देतात आणि कडक प्लास्टिकच्या डबीत बंद करून टाकतात. फाइन म्हणजे या पट्टीवर बारा. सत्तरपैकी बारा! आपल्याकडे एवढ्या गुणांवर एटीकेटीसुद्धा मिळत नाही.

पण हे गुण नव्हेतच, हे समजायला मला दोन दिवस लागले. ग्रेडिंग करणारा माणूस नाणं चांगलं की वाईट हे सांगत नाही. टांकसाळीच्या ठशातून आलेल्या उठावापैकी किती उरलाय, एवढंच तो सांगतो. आमच्या रुपयावर तरुण व्हिक्टोरिया आहे, डोक्यावर मुकुट, अंगात भरतकामाची चोळी, बाजूला इंग्रजीत 'व्हिक्टोरिया क्वीन'. झीज आधी कुठे लागते? जे सगळ्यात उंच असतं तिथे. मुकुटाचे मणी, कानाजवळचे केस, गाल, चोळीवरची नक्षी. आमच्या रुपयावर मुकुट ओळखू येतो, मणी एकात एक मिसळलेत. केसांच्या बटा नाहीत, केसांचा एक गोळा आहे. चोळीच्या घड्या खालच्या बाजूला दिसतात, छातीशी सपाट. अक्षरं मात्र सगळी वाचता येतात. मागच्या बाजूला वेलबुट्टीच्या वर्तुळात 'वन रुपी इंडिया 1862' पूर्ण आहे. वेलीची पानं आहेत, पानांच्या शिरा गेल्या. हे असं एकेक भाग बघत गेलं की 'फाइन' हा शब्द तुच्छतेचा वाटायचा थांबतो. आपण वर्गात कवितेचं बारकाईने वाचन करतो तेव्हा तरी याहून वेगळं काय करतो? कुठे काय आहे, कुठे काय होतं आणि आता नाही, हे आधी बघायचं. आवडलं की नाही, ते नंतर.

ही झीज. तिच्याबद्दल कुणाचीच तक्रार नसते. नाणं चलनात होतं, हातोहात फिरलं, त्याच्या जन्माचं काम त्याने केलं. पण खड्डा, ओरखडा, भोक, वाकणं, डाख, घासून आणलेली चकाकी यांना झीज म्हणत नाहीत. ती इजा. मराठीत हे दोन शब्द शेजारी ठेवले की सगळं शास्त्र दोन अक्षरी शब्दांत बसतं, आणि इंग्रजीतल्या त्या अपशब्दांसारख्या स्तुतिशब्दांची गरज राहत नाही. इजा झालेल्या नाण्याला कंपन्या आकडा देत नाहीत. झीज कुठल्या पायरीची ते लिहितात, पुढे 'डिटेल्स' असा शब्द जोडतात आणि कारण नोंदवतात: कडीचा डाग, घासलेलं, भोक बुजवलेलं. म्हणजे विक्रेत्याचे दोन शब्द शिवी नव्हते. ते वाचन होतं, आणि अचूक होतं. माझी टूथपेस्ट त्याने दहा सेकंदांत पकडली. टूथपेस्टमध्ये बारीक खर असते. तिने धातूवर केसासारखे असंख्य ओरखडे उठतात आणि दिव्याखाली नाणं फिरवलं की ते एकाच दिशेने चमकतात. मला काजळी वाटलेला थर म्हणजे चांदीचा हवेतल्या गंधकाशी झालेला संयोग. तो पन्नास-शंभर वर्षं हळूहळू बसलेला असतो. माझ्या मूर्खपणाला दहा मिनिटं पुरली. खाण्याचा सोडा आणि ॲल्युमिनियमच्या कागदाची युक्ती सांगणारे मित्रही मला नंतर भेटले. तिने ओरखडे उठत नाहीत, पण तो थर जातोच आणि चांदी फिकट, निर्जीव दिसते. गेलेला थर परत लावता येत नाही.

आता आत्याच्या 'अमूल्य'कडे येते, कारण मला खरं भांडायचंय ते त्याच्याशी. 'अमूल्य' हा शब्द आपण बऱ्याचदा वस्तूकडे न बघण्यासाठी वापरतो. आमच्या घरात या रुपयाची एक गोष्ट सांगतात. आजीच्या आजीचं लग्न 1862 साली झालं, त्या वर्षीचा हा रुपया. पुरावा? रुपयावरच लिहिलंय की! पण 1862 हे साल टांकसाळींनी 1874 पर्यंत बदललंच नाही. बारा वर्षं रुपयावर तेच साल छापलं गेलं. मुंबईच्या टांकसाळीने फक्त सालाखाली आणि वरच्या 'वन'पाशी बारीक ठिपके टाकले. त्या ठिपक्यांच्या मांडणीवरून संग्राहक नाणं खरोखर कधीचं ते ठरवतात. आमच्या रुपयावर सालाखाली मला दोन ठिपके नक्की दिसतात. तिसरा आहे की तो ओरखडा आहे, हे मी रोज वेगळं ठरवते. वरचे ठिपके होते की नाही कळायला मार्ग नाही, कारण कडीचा डाख पलीकडून उतरून नेमका तिथे पसरलाय. म्हणजे रुपया मुंबईचा, 1862 चा नव्हे, त्यानंतर कधीतरीचा. हे मी जेवताना सांगितलं तेव्हा आत्या दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. पण 'अमूल्य' म्हणत राहिलो असतो तर आमच्याकडे फक्त एक चुकीचं साल उरलं असतं. आता दोन ठिपके आहेत, आणि ते खरे आहेत.

विक्रेता चुकला ती जागा आता सांगते. त्याने कडीचा डाख आणि माझी टूथपेस्ट एका वाक्यात, एका सुरात सांगितली. दोन्ही इजा; दोन्हीमुळे आकडा नाही. बाजाराच्या दृष्टीने हे समजू शकतं. कडी काढून, डाख कानसून, भोक बुजवून अशी नाणी अजाण गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारणारे लोक आहेत. त्यांच्यापायी विक्रेत्यांना कडक राहावं लागतं. पण हा नियम सगळीकडे सारखा लागू आहे का? नाही. 1873 पासून अमेरिकेने चीनच्या व्यापारासाठी चांदीचे 'ट्रेड डॉलर' पाडले. चीनमधल्या सराफांनी चांदी खरी असल्याची खूण म्हणून त्यांच्यावर आपापली अक्षरं ठोकली. ठोकली म्हणजे अक्षरशः पोलादी ठशाने खड्डे पाडले, कधी कधी एकेका डॉलरवर अनेक. त्या डॉलरना पीसीजीएस व्यवस्थित आकडा देते आणि 'सराफी ठसा असलेला' अशी नोंद करते. काही संग्राहक तर तेच ठसे शोधत फिरतात. (इंग्रजीत या व्यवसायाला 'श्रॉफ' म्हणतात, तो आपलाच सराफ. शब्द आमचा, इज्जत त्यांच्या डॉलरला.)

मग व्यापाऱ्याने ठोकलेला ठसा इतिहास, आणि बाईने गळ्यात घालण्यासाठी लावलेली कडी नुकसान, हे कुणी ठरवलं? धातूने तर नाही ठरवलं. ज्या खुणेला पुरेसे शौकीन मिळाले ती खूण इतिहासात गेली. आमच्या भागात बायकांची बचत बँकेत नव्हती, गळ्यात होती. रुपयाला कडी लावणं हे त्या रुपयाचं दुसरं काम होतं. पहिल्याइतकंच खरं आणि कदाचित जास्त वर्षं चाललेलं. डाख बरोबर राणीच्या मुकुटाच्या वर आहे, म्हणजे सोनाराने विचार करून कडी अशी बसवली की राणी छातीवर सरळ उभी राहावी. पणजीला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण चेहरा उलटा लटकलेला तिला चालला नसता. लूककृत शुभवर्तमानातली ती बाई, दहा नाण्यांपैकी एक हरवलं म्हणून दिवा लावून घर झाडणारी, तिच्याबद्दल काही भाष्यकार म्हणतात की ती दहा नाणी तिच्या शिरोभूषणातली असावीत. तसं असेल तर तिचं सापडलेलं नाणंही आजच्या बाजारात 'डिटेल्स'च ठरलं असतं.

यावर आपल्या मंडळातल्या एका मित्राने मला अडवलं. "म्हणजे तुझ्या आजीचा म्हणून आकडा वाढवा, असंच ना?" नाही. आकडा वाढवू नका. झीज फाइनची आहे, फाइनच लिहा. किंमतही वाढवू नका. ज्याला कडी नसलेला रुपया हवाय त्याने तो घ्यावा. माझं म्हणणं एवढंच की कडी आणि टूथपेस्ट वेगवेगळ्या ओळींवर लिहा. एक खूण नाण्याच्या वापरातून आली, दुसरी त्याचं तोंड धुवायला निघालेल्या अडाणी मुलीच्या हातून. 'इजा' या एका शब्दाखाली दोघींना कोंबलं की वाचन अर्धवट राहतं.

आणि हे काम परक्या कंपनीच्या डबीवाचून होऊ शकतं. खरं तर आपल्याला ते तसंच करावं लागेल, कारण 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं आणि ते आपण आपल्या मर्जीने देशाबाहेर पाठवू शकत नाही. आपल्या भाषेत या कामाचे शब्दही पडून आहेत. खणखणीत, बद्द, बंदा, झिजका, चेपलेला, हिणकस. झिजलेलं किंवा परमुलखातलं नाणं बदलून देताना सराफ जी कपात करायचे तिला बट्टा म्हणत. नावाला बट्टा लागतो तो तिथूनच. म्हणजे नाण्याची अवस्था बघून बोलायची सवय आपल्याला शेल्डनच्या कितीतरी आधीपासून होती. आपण ती माणसांसाठी ठेवली आणि नाण्यांबाबत विसरलो.

मंडळातल्या मित्रमैत्रिणींनो, तुमच्या घरी असा एखादा रुपया नक्की असेल. देवघरात, बँकेच्या लॉकरमध्ये, आजीच्या बटव्यात. त्याला घासू नका. कडेने धरा. मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, त्यातून हिरवा चिकट थर बसतो. साधं कोरडं कागदी पाकीट बरं. सोनाराकडे जाऊन वजन करा, दोन्ही बाजूंचे तिरप्या उजेडात फोटो काढा आणि जे दिसतं ते लिहून ठेवा. आटवायचा असेल तर त्यानंतर आटवा. घरच्यांचा तो हक्क आहे, मी कोण अडवणार? पण न वाचता आटवू नका.

मी आमच्यासाठी पोस्टकार्डाएवढं एक कार्ड लिहिलंय आणि रुपयासोबत पाकिटात ठेवलंय. ते असं:

'एक रुपया, चांदी. व्हिक्टोरिया क्वीन. साल 1862 छापलेलं. मुंबई टांकसाळ, सालाखाली निदान दोन ठिपके, म्हणजे प्रत्यक्षात नंतरचा. वजन 11.2 ग्रॅम. झीज: फाइन. मुकुटाचे मणी आणि केस गेलेले, अक्षरं पूर्ण. मुकुटावर कडीचा डाख, माळेत वापरलेला. माळ आजीच्या आईची. आवाज बद्द. दोन्ही बाजू टूथपेस्टने घासलेल्या, बारीक ओरखडे. हे मी केलं, यंदा एप्रिलमध्ये.'

शेवटची ओळ लिहू नकोस, असं मम्मी म्हणाली. कशाला स्वतःचं नाव खराब करतेस? मी ती ठेवली. रविवारी मिस्सानंतर काका घरी आले होते. त्यांनी कार्ड दोनदा वाचलं, चष्मा काढून रुपया डोळ्यांजवळ धरला आणि तिसरा ठिपका शोधत बसले. क्रूसाचं काय ठरलं, ते बोलले नाहीत. कम्युनियन डिसेंबरात आहे. जाताना एवढंच म्हणाले, "माळेत दहा होते. आता आठवलं मला."